दुसऱ्या यंत्राला कोणी विचारलंच नव्हतं

१ ऑक्टोबर २०२० रोजी टोकियो शेअर बाजार दिवसभर उघडलाच नाही. सुमारे ३,७०० कंपन्यांचे शेअर, रोजची सुमारे तीन लाख कोटी येनची उलाढाल, आणि दिवसअखेर एकही सौदा नाही. १९९९ मध्ये बाजाराचं दालन बंद होऊन सगळे सौदे संगणकावर गेले, तेव्हापासून अख्खा दिवस हातचा जाण्याची ही पहिलीच वेळ. बातम्यांनी कारण एका ओळीत सांगितलं: मेमरीचा एक भाग बिघडला.

कारण खरं आहे, पण त्याने काही उलगडत नाही. मेमरी बिघडतेच. डिस्क जातात, पंखे थांबतात, पॉवर सप्लाय जळतात. सर्व्हर रूममध्ये रात्रपाळी केलेला प्रत्येक जण हे गृहीत धरूनच कामाला बसतो. टोकियोनेही ते गृहीत धरलं होतं आणि त्या जागी दोन यंत्रं ठेवली होती. पहिलं पडलं की दुसऱ्याने त्याच क्षणी भार उचलायचा. त्या सकाळी दुसरं यंत्र चालू होतं, धडधाकट होतं, लागणारी सगळी माहिती त्याच्यात होती. तरीही त्याने काम हाती घेतलं नाही. का घेतलं नाही, हे कळायला त्या सकाळच्या बरंच मागे जावं लागतं.

आठ वर्षं आठ महिने आधी

२१व्या शतकाच्या सुरुवातीला टोकियोचा बाजार यंत्रणेच्या बाबतीत बदनाम झाला होता. १ नोव्हेंबर २००५ ला प्रणाली कोसळली आणि सकाळपासून दुपारपर्यंत सौदे बंद राहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका दलाली पेढीने ६,१०,००० येनला एक शेअर विकायच्या ऐवजी १ येनला ६,१०,००० शेअर विकायची ऑर्डर टाकली, आणि ती रद्द करायला गेल्यावर बाजाराच्या यंत्रणेने ती रद्दच होऊ दिली नाही. त्या अपमानातून ‘ॲरोहेड’ ही नवी प्रणाली उभी राहिली. फुजित्सूने ती बांधली आणि जानेवारी २०१० मध्ये ती सुरू झाली. बाजाराने तेव्हा एक घोषवाक्य घेतलं होतं: ‘नेव्हर स्टॉप’. कधीही थांबायचं नाही.

२ फेब्रुवारी २०१२ ला ती अंशतः थांबली. मध्यरात्रीनंतर भावांची माहिती बाहेर पाठवणाऱ्या सर्व्हरपैकी एक बिघडला. राखीव सर्व्हरने काम घेतलं, असा समज झाला. सकाळी उघडकीला आलं की घेतलंच नव्हतं. २४१ शेअरचे सौदे थांबवावे लागले आणि ते सुरू व्हायला दुपारचे साडेबारा वाजले.

या घटनेपाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. राखीव यंत्र असणं आणि राखीव यंत्राने जबाबदारी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा टोकियोला २०१२ मध्येच मिळाला होता. त्यांनी तो घेतलाही. पुढची कित्येक वर्षं त्यांनी राखीव यंत्रांच्या चाचण्या मन लावून केल्या. निष्काळजी माणसांची ही गोष्ट नाही. ती तशी असती तर आज सांगायचं कारण उरलं नसतं.

अकरा महिने आधी

५ नोव्हेंबर २०१९. ॲरोहेडची तिसरी पिढी कामाला लागली. जुनी यंत्रं काढून नवी बसवली गेली.

हार्डवेअर बदलण्याचं काम ज्यांनी केलंय त्यांना त्या रात्रीची भीती ठाऊक असते. सगळ्यांचं लक्ष एकाच प्रश्नावर असतं: सर्व्हर वर आला का? दिवे लागले, डिस्क दिसल्या, लॉगिन झालं, जुनं काम नव्या यंत्रावर चालू लागलं, की माणसं सुटकेचा श्वास सोडतात. आणि सर्व्हर लवकर वर यावा म्हणून जगभर एकच रीत पाळली जाते. जुन्या यंत्राचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं नव्यावर चढवायचं. इतकी वर्षं चाललं आहे, तर पुढेही चालेल.

टोकियोच्या दोन यंत्रांपैकी प्रत्येक म्हणजे एक सामायिक डिस्क यंत्र. ॲरोहेडचे सगळे सर्व्हर लागेल ती समाईक माहिती तिथून वाचायचे. शेअरचे मूळ तपशील तिथे होते, आणि बाजारावर नजर ठेवणारे कर्मचारी ज्या ओळखीने पडद्यावर शिरतात त्या ओळखीही तिथेच होत्या. हे यंत्र मूळचं एका अमेरिकी उत्पादकाचं. फुजित्सू ते आपल्या नावाने पुरवत होती. त्याच्या आत एक सेटिंग होतं. यंत्राचा कंट्रोलर अचानक कोलमडला तर जोडीदाराने ताबडतोब ताबा घ्यायचा की नाही, हे ते ठरवायचं. टोकियोत ते ‘ऑफ’ होतं.

ऑफ ठेवण्यात चूक नव्हती, निदान सुरुवातीला तरी. पहिल्या पिढीच्या यंत्रात ते ऑफ असलं तरी जोडीदार १५ सेकंद वाट पाहून ताबा घेत असे. ऑन म्हणजे लगेच, ऑफ म्हणजे जरा थांबून. पुढे उत्पादकाने वागणूक बदलली. नव्या आवृत्तीत ऑफ म्हणजे ताबा घ्यायचाच नाही, असा अर्थ झाला. मॅन्युअलमध्ये मात्र जुनंच वर्णन राहून गेलं. फुजित्सूने मॅन्युअलवर विश्वास ठेवला, टोकियोने फुजित्सूवर, आणि जुनं मूल्य नव्या यंत्रात जाऊन बसलं.

चाचण्या झाल्या होत्या. दोन यंत्रांमधला संपर्क तुटला तर दुसरं ताबा घेतं का, हे तपासलं होतं, आणि ते घेत होतं. मेमरी बिघडून कंट्रोलर कोलमडण्याचा प्रसंग चाचणीत आलाच नव्हता. बाहेरून दोन्ही प्रसंग सारखेच दिसतात, एक यंत्र गप्प होतं. आतल्या तर्काला मात्र ते दोन निराळे प्रश्न होते. एकाचं उत्तर दुसऱ्या यंत्राला ठाऊक होतं. दुसरा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.

सात वाजून चार मिनिटं. बाजार उघडायला एक तास छप्पन्न मिनिटं

गुरुवार. भारतात पहाटेचे ३ वाजून ३४ मिनिटं. पहिल्या डिस्क यंत्राच्या कंट्रोलरमधली मेमरी बिघडली आणि कंट्रोलर कोलमडला.

बिघाड एवढाच. हा भाग बदलायला एका माणसाचं थोडा वेळ काम. पण दुसऱ्या यंत्राने ताबा घेतला नाही आणि पहिलं उत्तर देईना. एक एक करून सगळं दिसू लागलं: बाजारावर नजर ठेवणाऱ्या पडद्यांवर शिरता येईना, कारण कोणाला आत घ्यायचं याची यादी त्याच डिस्कवर होती. भावांची माहिती बाहेर नेणाऱ्या भागातही गोंधळ झाला. बिघाड झालाय हे कळायला आणि बिघाडावर हुकूम चालवायला ज्या खिडक्या लागतात, त्या खिडक्याच बिघाडाने बंद करून टाकल्या होत्या.

पुढचा काळ हाताने ताबा बदलण्याच्या प्रयत्नांत गेला. नेहमीच्या मार्गाने काही जमेना.

आठ, बाजार उघडायला एक तास

टोकियोत सौदे नऊला सुरू होतात, पण ऑर्डर घेणं आठपासूनच सुरू होतं. दलाली पेढ्यांचे संगणक आठच्या ठोक्याला खरेदी-विक्रीच्या ऑर्डर पाठवायला लागतात. त्या दिवशीही लागले. ॲरोहेडचं ऑर्डर घेणारं दार उघडं होतं, म्हणून ऑर्डर आत आल्या.

बिघाडाची पहिली सूचना पेढ्यांना गेली ८ वाजून १ मिनिटाला.

या सकाळच्या सगळ्या मिनिटांत मला हे मिनिट सर्वांत महाग वाटतं. ७:०४ ते ८:०० या छप्पन्न मिनिटांत ॲरोहेड रिकामं होतं. तोवर ते बंद करून चालू केलं असतं, तर कोणाचंही काही त्यात अडकलेलं नव्हतं. नऊची वेळ कदाचित टळली असती, पण दुपार वाचली असती. आठ वाजले आणि यंत्रात इतरांचा माल येऊन पडला: पेन्शन फंडांच्या ऑर्डर, परदेशी बँकांच्या ऑर्डर, मोबाइलवरून शंभर शेअर घेणाऱ्या गृहिणींच्या ऑर्डर. आता यंत्र बंद करणं हा केवळ यंत्राचा प्रश्न राहिला नाही.

आत बसलेल्यांना दोष देणं सोपं आहे. पण दुरुस्ती पुढच्या पाच मिनिटांत होईल असं वाटत असताना जगातल्या एका सर्वांत मोठ्या बाजाराचं दार लावून घ्यायचं, हा निर्णय कोणी, किती वाजता, कोणाच्या परवानगीने घ्यायचा, हे आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

आठ छत्तीस, चोवीस मिनिटं

पेढ्यांना कळवलं गेलं की सगळ्या शेअरचे सौदे थांबणार आहेत. ८:३९ ला तेच संकेतस्थळावर आलं. ८:५० ला बँक ऑफ जपानचा ‘तानकान’ अहवाल आला. उद्योगांच्या मनःस्थितीचा हा तिमाही अंदाज म्हणजे बाजार डोळ्यांत तेल घालून ज्याची वाट पाहतो त्यांपैकी एक आकडा, आणि त्या दिवशी तो सुधारणेकडे होता. त्यावर भाव ठरवायला जागाच नव्हती.

आठ चोपन्न, सहा मिनिटं

सौदे थांबवायची एक नेहमीची रीत असते. नजर ठेवणारा कर्मचारी पडद्यावरून हुकूम देतो आणि प्रणाली संबंधित शेअरचे सौदे थांबवते. त्या दिवशी ते पडदेच हाताशी नव्हते. नऊ वाजले की ॲरोहेड ठरल्याप्रमाणे सौदे लावायला लागणार आणि त्यांचे भाव बाहेर कोणालाच दिसणार नाहीत, हा धोका समोर उभा होता. भाव न दिसता सौदे होणं हे बाजार बंद असण्यापेक्षा कितीतरी वाईट.

तेव्हा त्यांनी दलाली पेढ्या आणि ॲरोहेड यांच्यामधला संपर्कच तोडला. प्रणाली थांबवता येत नाही म्हणून तिला जगापासून वेगळं काढलं. माझ्या मते त्या सकाळचा हा सर्वांत धीराचा निर्णय. तो घेतला गेला नसता तर नऊनंतरच्या गोंधळाचा हिशोब वर्षानुवर्षं न्यायालयांत चालला असता.

नऊ

काबुतोचो भागातल्या बाजाराच्या इमारतीत आणि शहरातल्या दलाली पेढ्यांच्या बाहेर जे भावफलक असतात, त्यांवर भावच आले नाहीत. निक्केई निर्देशांक आदल्या दिवशीच्या २३,१८५.१२ वर थांबला होता, तिथेच राहिला. नागोया, फुकुओका आणि सप्पोरोचे बाजारही याच ॲरोहेडवर चालतात, म्हणून तेही बंद. ओसाकाचा वायदेबाजार वेगळ्या प्रणालीवर आहे. तो चालू राहिला. निर्देशांकाच्या वायद्याचे सौदे होत होते, आणि ज्या शेअरवरून तो निर्देशांक काढतात ते मात्र जागचे हलत नव्हते.

चीन, हाँगकाँग, दक्षिण कोरिया आणि तैवान हे बाजार त्या दिवशी सुट्टीमुळे बंद होते. आशियातल्या पैशाला त्या सकाळी जायला मुळातच जागा कमी होती. त्यातली सर्वांत मोठी बंद झाली.

नऊ सव्वीस

पहिलं यंत्र जबरदस्तीने बाजूला काढण्यात यश आलं. दुसऱ्याने काम हाती घेतलं. ७:०४ ला जे व्हायला हवं होतं ते दोन तास बावीस मिनिटांनी झालं.

यंत्राची गोष्ट इथे संपते. इथून पुढच्या अडचणीला नवं मेमरी कार्ड उपयोगी पडत नव्हतं. प्रणाली बरी झाली होती, आणि बाजार तरीही उघडता येत नव्हता.

कारण आत आठपासून ८:५४ पर्यंतच्या ऑर्डर पडून होत्या. ॲरोहेड बंद करून पुन्हा चालू केलं तर त्या पुसल्या जाणार. पुसल्या तर प्रत्येक पेढीला आपल्या प्रत्येक ग्राहकाची प्रत्येक ऑर्डर शोधून ठरवावं लागणार: ती रद्द झाली असं समजायचं, की पुन्हा पाठवायची? ग्राहकाने सकाळी ज्या भावाला हो म्हटलं होतं, तो दुपारी तसंच म्हणेल का? मोठ्या पेढ्यांच्या प्रणालींना हे जमण्यासारखं होतं, लहान पेढ्यांना नव्हतं. काही पेढ्या म्हणाल्या, आम्ही तयार आहोत. काही म्हणाल्या, आज शक्य नाही. बाजाराने पेढ्यांशी बोलायला सुरुवात केली, आणि लक्षात आलं की किती पेढ्या तयार असल्या म्हणजे बाजार उघडायचा, याचा काही निकषच नाही. निम्म्या? तीन चतुर्थांश? सगळ्या?

राखीव यंत्राच्या सेटिंगमध्ये जी पोकळी होती, तीच माणसांच्या नियमांतही निघाली. ‘कधीही थांबायचं नाही’ या ध्येयाखाली दहा वर्षं काम झालं होतं. थांबल्यावर पुन्हा कसं सुरू करायचं, या प्रश्नाला त्या ध्येयात जागाच नव्हती. मला ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. यंत्र न थांबू देण्याचा ध्यास इतका खरा होता, की थांबलेलं यंत्र ही कल्पनाच पुरेशा गांभीर्याने कोणी केली नाही.

अकरा पंचेचाळीस

सकाळचं सत्र साडेअकराला संपायचं आणि दुपारचं साडेबाराला सुरू व्हायचं, अशी तेव्हाची वेळ होती. दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत घोषणा झाली: आज दिवसभर बाजार बंद. भारतात तेव्हा सव्वाआठ वाजले होते. मुंबईचा बाजार उघडायला तास बाकी होता. त्यामुळे इथल्या पेढ्यांना दिवस सुरू करण्यापूर्वीच कळलं होतं की जपान आज नाही.

पूर्ण दिवस बंद ठेवणं जास्तीचं होतं, अशी टीका पुढे झाली. मला ती पटत नाही. दुपारी अर्ध्या पेढ्यांसह बाजार उघडला असता तर भाव ठरले असते, पण ते सगळ्यांनी मिळून ठरवलेले नसते. ज्यांची पेढी तयार नव्हती ते ग्राहक आपल्या शेअरचा भाव घसरताना नुसते बघत बसले असते. ‘आज नाही’ हे दोन शब्द वेळेवर आणि स्पष्ट सांगितले की माणसाला निदान आपला दिवस तरी आखता येतो.

साडेचार

दुपारी साडेचारला पत्रकार परिषद झाली. बाजाराचे अध्यक्ष कोइचिरो मियाहारा, माहिती-तंत्रज्ञानाची जबाबदारी असलेले रयुसुके योकोयामा आणि सहकारी समोर बसले. मियाहारांनी माफी मागितली आणि बाजार चालवण्याची जबाबदारी पूर्णपणे आमची आहे असं सांगितलं. फुजित्सूकडे भरपाई मागण्याचा विचार नाही, हेही सांगितलं. त्यानंतर अधिकाऱ्यांनी बिघाड कुठे झाला, काय अपेक्षित होतं आणि काय झालं नाही, हे पत्रकारांच्या प्रश्नांना थेट उत्तरं देत समजावलं. कोणी कागद चाळत बसलं नाही, कोणी ‘तज्ज्ञ सांगतील’ म्हटलं नाही.

जपानमध्ये या परिषदेचं खूप कौतुक झालं. बाजार दिवसभर बंद पडल्यानंतर कौतुक व्हावं, ही गोष्ट साधी नाही. लोकांना दिसलं की वरच्या खुर्चीत बसलेल्यांना आपल्या यंत्रणेच्या पोटात काय आहे ते माहीत आहे. आपल्याकडे रेल्वेचं आरक्षण ठप्प होतं, परीक्षेचा सर्व्हर बसतो, बँकेचं ॲप दिवसभर अडतं, तेव्हा ‘तांत्रिक कारणास्तव’ या दोन शब्दांपलीकडे कोणी बोलत नाही. त्या पार्श्वभूमीवर मी या परिषदेचा विचार पुन्हा पुन्हा करतो.

रात्र

बिघडलेलं हार्डवेअर बदललं गेलं. ॲरोहेड बंद करून पुन्हा चालू करण्यात आलं. उद्या नेहमीप्रमाणे बाजार उघडेल, असं कळवण्यात आलं.

सर्व्हर वर आला का, हाच प्रश्न पुन्हा. पण या वेळी त्याला दुसरा अर्थ होता. भाग बदलला, यंत्र उठलं, हे पुरेसं नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं. दुसऱ्या यंत्राने ताबा का घेतला नाही, याचं उत्तर अजून जाहीर व्हायचं होतं. ते आलं ५ ऑक्टोबरला, आणि मॅन्युअल व प्रत्यक्ष वागणूक यांतली तफावत त्यानंतर सविस्तर बाहेर आली. तोवर एकच उपाय होता: माणसं यंत्राजवळ बसवायची आणि पहिलं पडलं तर हाताने ताबा बदलायचा. घरातला इन्व्हर्टर आपोआप चालू होत नाही म्हणून कोणीतरी बटणाशी उभं राहावं, तशी ही व्यवस्था होती. साधी, पण तेव्हा तीच खरी.

दुसऱ्या दिवशी नऊ, आणि एक चोपन्न

शुक्रवार, २ ऑक्टोबर. गांधी जयंती असल्याने मुंबईचा बाजार बंद. टोकियोचा ठीक नऊला उघडला आणि सुरळीत चालला.

टोकियोत दुपारचे १ वाजून ५४ मिनिटं झाली तेव्हा वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती, आणि अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी स्वतःला व पत्नीला कोविडची लागण झाल्याचं जाहीर केलं. टोकियोचा बाजार उघडा होता. बातमी येताच विक्री सुरू झाली. निक्केई २३,०२९.९० वर बंद झाला, सुमारे ०.६७ टक्क्यांनी खाली. बातमी मोठी होती, घसरण मर्यादित राहिली, कारण ज्याला विकायचं होतं त्याला विकता आलं आणि ज्याला घ्यायचं होतं त्याला घेता आलं. हीच बातमी चोवीस तास आधी आली असती तर काय झालं असतं, याचा हिशोब मांडण्याचं धाडस मला होत नाही.

३० नोव्हेंबर २०२० ला जपानच्या वित्तीय सेवा नियामकाने बाजाराला सुधारणेचा आदेश दिला. त्याच दिवशी मियाहारांनी राजीनामा दिला आणि समूहाचे प्रमुख अकिरा कियोता यांनी बाजाराचं अध्यक्षपदही सांभाळायला घेतलं. पुढच्या वर्षी पेढ्यांसोबत बसून नियम लिहिले गेले: कधी थांबायचं, आत अडकलेल्या ऑर्डरचं काय करायचं, पुन्हा उघडायला किती पेढ्या तयार असाव्या लागतील. ‘नेव्हर स्टॉप’च्या शेजारी आता लवकर सावरण्याचं उद्दिष्टही आलं. ५ नोव्हेंबर २०२४ ला ॲरोहेडची चौथी पिढी आली आणि त्याच दिवसापासून टोकियोचा बाजार तीनऐवजी साडेतीनला बंद होऊ लागला.

पाच महिन्यांनी, मुंबई

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईवर, सकाळपासून निर्देशांकाचे आकडे नीट येईनात. ११ वाजून ४० मिनिटांनी सौदे थांबले.

कारण पुढे समोर आलं ते वाचताना टोकियोची आठवण होणं अटळ आहे. मुख्य ठिकाण आणि जवळचं राखीव ठिकाण यांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या रस्त्याच्या खोदकामाने तुटल्या. वाहिन्या तुटल्या तरी मुख्य ठिकाणची साठवणूक यंत्रणा चालू राहील, अशी तिची रचना असल्याचं पुरवठादाराने सांगितलं होतं. ती चालू राहिली नाही. तिच्यावर अवलंबून असलेली जोखीम-नियंत्रण प्रणाली बंद पडली आणि तिच्याशिवाय बाजार चालवता येईना. पुन्हा साठवणूक यंत्र, पुन्हा पुरवठादाराचं म्हणणं, पुन्हा तोच न विचारलेला प्रश्न.

फरक पडला तो घोषणेत. टोकियोने पावणेबाराला ‘आज नाही’ म्हटलं. मुंबईत बाजार नेहमीप्रमाणे साडेतीनला बंद होणार की नाही, हे दुपारभर कोणालाच ठाऊक नव्हतं. ३ वाजून १७ मिनिटांनी कळलं की बाजार पुन्हा उघडून पाचपर्यंत चालणार आहे, आणि पावणेचारला सौदे सुरू झाले. तोवर अनेक दलालांनी आपल्या ग्राहकांचे दिवसापुरते घेतलेले सौदे मुंबई शेअर बाजारावर, मिळेल त्या भावाला, मिटवून टाकले होते. साडेतीनला सगळं संपणार असं धरून चालल्यावर त्यांच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. ज्यांचं नुकसान झालं त्यांना यंत्र बिघडल्याचा राग कमी होता. तीन तास सदतीस मिनिटं कोणी काही सांगितलं नाही, याचा जास्त होता, आणि तो राग रास्त होता.

सेबीने महिन्याभरात नियम काढला. महत्त्वाची प्रणाली बंद पडली तर ३० मिनिटांत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत राखीव ठिकाणाहून काम सुरू करायचं. मोजके आकडे, पण त्यांनी ‘अजून पाच मिनिटं बघू’ म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उचललं. निर्णय घड्याळाकडे गेला.

आणि २०२४ मध्ये दोन शनिवार आले, २ मार्च आणि १८ मे. सुट्टीच्या दिवशी बाजार उघडला. सव्वानऊ ते दहा मुख्य ठिकाणाहून सौदे झाले, मग मध्ये थोडी विश्रांती, आणि उशिरा सकाळी राखीव ठिकाणाहून पुन्हा सौदे. खरे शेअर, खरे पैसे, खरे दलाल. कित्येकांना सुट्टीचा दिवस का घालवला असं वाटलं. दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रांना त्या दिवशी प्रत्यक्ष कामाला लावून विचारलं गेलं, आणि त्यांनी उत्तर दिलं.